सैतानाचे वाद्य, देवाचे गाणे : ख्रिस्ती हेवी मेटल आणि मराठी मुलखातील एक जुना वाद

१/ यवतमाळ जिल्ह्यातील कळंबला चिंतामणीचे दर्शन घ्यायचे तर पायऱ्या उतरून जमिनीच्या पातळीखाली जावे लागते. तिथे घंटेचा नाद घुमतो, आरतीच्या टाळ्या घुमतात. अशा नादात वाढलेल्या कुणा श्रोत्याच्या कानाला एखाद्याने हेडफोन लावला, आत विजेची गिटार करवतीसारखी चालत असली, गायक घसा फाडून ओरडत असला आणि वर सांगितले गेले की ‘हे भजन आहे’, तर त्याच्या मनात प्रथम काय येईल? संशय. हा थ्रेड त्या संशयाचा इतिहास सांगतो. हा संशय हेवी मेटलहून कितीतरी जुना आहे आणि मराठी मुलखाने तो एकदा नव्हे, अनेकदा अनुभवला आहे.

२/ ‘ख्रिस्ती हेवी मेटल’ हा शब्द ऐकताच दोन प्रकारचे लोक कपाळाला आठ्या घालतात. पहिला धार्मिक मनुष्य. त्याचे म्हणणे, जे संगीत सैतानाचे नाव घेत वाढले, त्यात देवाचे नाव घातल्याने ते पवित्र कसे होईल? दुसरा मेटलचा कट्टर चाहता. त्याचे म्हणणे, हे बंडाचे संगीत. त्याला प्रवचनाच्या दावणीला बांधले की उरते ते नुसते सोंग. दोघांचा निष्कर्ष एकच, कारणे मात्र उलट. दोघेही एक गोष्ट गृहीत धरतात, की ध्वनीला स्वतःचा धर्म असतो. ते गृहीतक तपासून पाहू.

३/ प्रारंभ इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचा. कारखान्यांचे, धुराचे, कामगारांचे शहर. टोनी आयोमी हा तरुण पत्र्याच्या कारखान्यात कामाला असताना यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा वादक. तारा दाबण्याचा हात नेमका तोच. त्याने बोटांना टोपणे बसवली आणि पुढे तारा सैल लावून वाजवू लागला. त्यातून एक जड, खर्जातला नाद निघाला. १३ फेब्रुवारी १९७० रोजी ‘ब्लॅक सॅबथ’चा पहिला अल्बम आला. हेवी मेटलचा जन्म बहुतेक अभ्यासक येथूनच मोजतात.

४/ त्या अल्बमचे शीर्षकगीत ज्या स्वरांतरावर उभे आहे त्याला पाश्चात्त्य संगीतात ‘ट्रायटोन’ म्हणतात. मध्ययुगीन चर्चने या स्वरांतरावर बंदी घातली होती, अशी कथा आजही सांगितली जाते. त्या बंदीचा पुरावा मिळत नाही. ‘संगीतातील सैतान’ हे त्याचे नावही मध्ययुगातील नव्हे. ते १८व्या शतकाच्या सुरुवातीच्या संगीतग्रंथांत रूढ झालेले दिसते. आपल्या परिभाषेत हे अंतर म्हणजे षड्ज आणि तीव्र मध्यम. यमनात ते नित्य येते, मारवा-पूरियात येते. यमनातील भजन ऐकताना आपल्याकडे कुणाला सैतान आठवत नाही. म्हणजे भय त्या स्वरात नव्हते. ते ऐकणाऱ्याच्या सवयीत होते.

५/ आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. ज्या ‘ब्लॅक सॅबथ’ला सैतानपूजक ठरवले गेले, त्यांचा बासवादक गीझर बटलर कॅथलिक घरातला होता. १९७१च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ या अल्बममधील ‘आफ्टर फॉरएव्हर’ हे त्याचे गीत उघडपणे श्रद्धेच्या बाजूने उभे राहते. वादकांच्या गळ्यात क्रूस असत. म्हणजे ख्रिस्ती विचार मेटलमध्ये बाहेरून घुसवला गेला असे म्हणणेही पूर्ण खरे नाही. तो आरंभापासून तिथेच घुटमळत होता.

६/ पुढचा टप्पा अमेरिकेचा. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात ‘स्ट्रायपर’ हा संघ उभा राहिला. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे कपडे, लांब केस आणि कार्यक्रमात प्रेक्षकांत भिरकावल्या जाणाऱ्या नव्या कराराच्या प्रती. संघाच्या नावाचा संबंध ते यशया या ग्रंथाच्या ५३व्या अध्यायाशी लावत. त्या अध्यायात दुसऱ्यांसाठी सोसलेल्या फटक्यांच्या वळांचा उल्लेख आहे. १९८६चा त्यांचा ‘टु हेल विथ द डेव्हिल’ हा अल्बम अमेरिकेत दहा लाखांहून अधिक खपला.

७/ या संघावर सर्वांत कडाडून टीका कुणी केली? मेटलवाल्यांनी टिंगल केली हे खरे. परंतु धर्मपीठावरून घणाघात केला तो जिमी स्वॅगर्ट या दूरचित्रवाणीवरील प्रवचनकाराने. १९८७ मध्ये त्याने धार्मिक रॉक संगीताविरुद्ध पुस्तकच लिहिले आणि त्याला मेंढीचे कातडे पांघरलेला लांडगा म्हटले. गंमत अशी की हा स्वॅगर्ट स्वतः पियानोवर भक्तिगीते गाऊन लोकप्रिय झालेला आणि रॉक-अँड-रोलच्या पहिल्या पिढीतील जेरी ली लुईस हा त्याचा सख्ख्या नात्यातला भाऊ. एकाच घराण्यातले जवळपास एकच वादन. एकाचे देवाचे ठरले, दुसऱ्याचे सैतानाचे.

८/ उलट बाजूही पाहा. १९९२ मध्ये नॉर्वेतील फँटॉफ्टचे जुने लाकडी चर्च जाळले गेले. त्या जाळपोळीच्या सत्राशी ‘ब्लॅक मेटल’ वर्तुळातील तरुणांची नावे जोडली गेली. १९९४ मध्ये ‘होर्ड’ या नावाने ऑस्ट्रेलियातील एका ख्रिस्ती वादकाने त्याच शैलीत, तितक्याच कर्कशपणे, पण आशय नेमका उलटा ठेवून अल्बम काढला. तो प्रकाशित करणाऱ्या जर्मन कंपनीला धमक्या आल्या. येथे पाखंडाचा आरोप चर्चने केला नाही. तो चर्चविरोधकांनी केला. बंडाचीही एक कर्मठता असते, ती अशी.

९/ महाराष्ट्राचा या इतिहासाशी थेट संबंध २००६ मध्ये आला. अमेरिकी संघ ‘स्लेयर’चा ‘क्राइस्ट इल्यूजन’ हा अल्बम त्या वर्षी बाजारात आला. मुखपृष्ठावर ख्रिस्ताचे विटंबित चित्र होते. मुंबईतील कॅथलिक सेक्युलर फोरम या संघटनेने आक्षेप घेतला आणि ऑक्टोबरमध्ये ईएमआय इंडियाने भारतातील सर्व प्रती परत घेतल्या. त्यानंतर ‘मेटल’ आणि ‘ख्रिस्ती’ हे शब्द एकत्र उच्चारले की अनेकांना तो संघर्षच आठवे. पण याच मुंबईत, यापूर्वी १२४ वर्षे, ख्रिस्ती संगीताच्याच गोंगाटाविरुद्ध पोलीस उभे राहिले होते.

१०/ १९ सप्टेंबर १८८२. मुंबईच्या बंदरावर चार माणसे उतरली. तीन पुरुष, एक स्त्री. ही मुक्तिफौज, म्हणजे साल्वेशन आर्मी. प्रमुख फ्रेडरिक टकर हा सनदी नोकरी सोडून आलेला. पुढे त्याने भगवी वस्त्रे घेतली, अनवाणी हिंडला आणि ‘फकीरसिंग’ हे नाव धारण केले. मुक्तिफौजेची रीत ठरलेली होती : वाजतगाजत रस्त्यावर यायचे आणि लोक जमले की बोलायचे. इंग्लंडमध्ये या पंथाने दारूच्या गुत्त्यांत आणि नाटकगृहांत चालणाऱ्या चाली उचलून त्यांवर भक्तिगीते बसवली होती.

११/ मुंबई सरकारला हे रुचले नाही. गोऱ्या माणसांनी देशी वेषात, वाद्ये वाजवीत रस्त्यात फिरणे हे राज्यकर्त्यांच्या प्रतिष्ठेला बाधक वाटले. दंगलीची भीती हे कारण पुढे करण्यात आले. मिरवणुका अडवल्या गेल्या, अटका झाल्या, दंड झाले, टकरला तुरुंगवास घडला. त्यांच्या बाजूने आवाज उठवणाऱ्यांत कलकत्त्याचे ब्राह्मसमाजी केशवचंद्र सेन होते. ख्रिस्ती सरकार ख्रिस्ती गाणाऱ्यांना पकडते आणि त्यांच्या गाण्याचा हक्क एक अख्रिस्ती विचारवंत मांडतो, असा हा प्रसंग. वाद धर्माचा होता की आवाजाचा, असा प्रश्न येथे पडतो.

१२/ आणखी मागे जाऊ. १६१६, गोवा. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ राशोल येथे छापले गेले. भाषा मराठी, छंद ओवी, संख्या सुमारे अकरा हजार, लिपी रोमन. ग्रंथातच एक प्रसंग आहे. बाटलेला एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो, की आमची जुनी पुराणे आता वाचायची नाहीत, तर त्यांच्या जागी आम्हाला दुसरे पुराण का देत नाही? ही मागणी नीट पाहिली पाहिजे. श्रद्धा बदलली होती. कान बदलले नव्हते. त्या श्रोत्याला नवी कथा हवी होती, पण जुन्या ओवीत. स्टीफन्स यांनी ती मागणी गंभीरपणे घेतली.

१३/ १९व्या शतकातील प्रोटेस्टंट मिशनऱ्यांनी आरंभी वेगळा मार्ग धरला. अमेरिकन मराठी मिशनचे काम १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगरला सुरू झाले. हेन्री बॅलंटाइन यांच्यासारख्या मिशनऱ्यांनी मराठी गीते रचली, पण चाली पाश्चात्त्य. अडचण छंदशास्त्राची होती. इंग्रजी पद्य आघातावर चालते. मराठी पद्य अक्षरांच्या किंवा मात्रांच्या मोजणीवर. परकी चाल मराठी शब्दांवर चढवली की ऱ्हस्व अक्षर ताणले जाते, दीर्घ चेपले जाते आणि शब्द भलत्याच ठिकाणी तुटतो. गाणारा शब्द गातो, ऐकणाऱ्याला अर्थ लागत नाही.

१४/ यावर उपाय नगरच्याच देशी ख्रिस्ती मंडळींनी काढला. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी देशी चालींवर पदे रचली आणि ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा घातली. पूर्वरंगात तत्त्वनिरूपण, उत्तररंगात आख्यान, मध्ये पदे, मागे साथीदार. सांगाडा तोच, आख्यान मात्र बायबलमधले. विचार करा, १९व्या शतकाच्या उत्तरार्धातील एखाद्या अमेरिकन पाद्रीला हे कसे दिसले असेल? ज्या रीतीने विठ्ठल-कृष्णाच्या कथा सांगितल्या जातात त्याच रीतीने येशूची कथा. काहींना यात मूर्तिपूजेची मागच्या दाराने वापसी दिसली. समोरच्या हिंदू श्रोत्यालाही हे कीर्तनाचे सोंग वाटले असणार. दोन्हीकडून संशय, स्ट्रायपरच्या वाट्याला आला तोच.

१५/ हा प्रश्न सर्वांत तीव्रपणे जगला तो रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या घराने. टिळकांचा जन्म १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. विदर्भाशीही त्यांचे नाते आहे : नागपूरला आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ते संस्कृत ग्रंथांवर काम करीत होते. १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना बायबल दिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

१६/ आणि येथे आपल्याला खरा संशयी श्रोता भेटतो : त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. सोवळ्याओवळ्याचा अतिरेक असलेल्या घरात वाढलेल्या या स्त्रीला पतीचे धर्मांतर म्हणजे जिवंतपणीचे वैधव्य वाटले. काही वर्षे त्या पतीपासून दूर राहिल्या. त्यांतला काही काळ त्या पंढरपुरात होत्या. एका बाजूला टाळमृदंगाचे पंढरपूर, दुसऱ्या बाजूला ख्रिस्ती झालेला कवी नवरा. पुढे त्या नगरला आल्या, पतीजवळ पण आपले सोवळे राखून राहिल्या. कुणाच्या उपदेशाने त्या वळल्या नाहीत. प्रत्येक गोष्ट स्वतःच्या अनुभवावर घासून पाहत, प्रथम जातीच्या कल्पनेतून बाहेर पडत, १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ हा त्या संशयाचा आणि त्याच्या उकलीचा मराठीतील अजोड दस्तऐवज होय.

१७/ टिळकांनी ख्रिस्ती उपासनेला अभंग दिला. तुकारामांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची धारणा होती. म्हणून अभंग हा त्यांच्या दृष्टीने उसना साचा नव्हता, ती त्यांची स्वतःची भाषा होती. मराठी चर्चमध्ये आजही ‘उपासना संगीत’ उघडले की त्यांची पदे भेटतात. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ आरंभला. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी ‘ख्रिस्तायन’ अर्धवट ठेवले होते. त्याचे बहुतेक अध्याय लिहिले कुणी? लक्ष्मीबाईंनी. १८९५ मध्ये जी श्रोता कान झाकून घेत होती, तीच पुढे गायक झाली.

१८/ येथवरची कथा सुखाची वाटते. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक अवघड प्रश्न टाळू नये. ‘देशी’ म्हणून निवडलेला साचा कुणाचा होता? नगर परिसरातील बहुसंख्य ख्रिस्ती महार आणि मांग समाजांतून आलेले. त्यांच्या घरी एकतारीवरचे भजन होते, तुणतुणे होते, हलगी होती. हलगीवाला लग्नाच्या वरातीत सर्वांच्या पुढे असे. पंगतीत मात्र त्याला जागा नसे. पखवाजालाही कातडेच असते आणि हलगीलाही कातडेच. तरी पखवाज देवळाच्या सभामंडपात आणि हलगी वेशीबाहेर. हा भेद नादशास्त्राचा नाही. तो जातीचा आहे.

१९/ म्हणून ‘हे संगीत आहे की गोंगाट?’ हा प्रश्न कधीच निव्वळ कानांचा नसतो. बर्मिंगहॅमच्या कारखान्यातील मुलांचा नाद अभिजनांना गोंगाट वाटला. मुक्तिफौजेची वाद्ये मुंबई सरकारला गोंगाट वाटली. १९०५ मध्ये पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती मिशनात शेकडो मुली आणि स्त्रिया एकाच वेळी मोठ्याने रडत, ओरडत प्रार्थना करू लागल्या, तेव्हा अनेक सभ्य ख्रिश्चनांना तो उन्माद वाटला. त्यांत दुष्काळातून वाचवलेल्या मुली होत्या, विधवा होत्या. ज्यांना आयुष्यभर गप्प बसवले गेले, त्यांची प्रार्थना हळू आवाजात का व्हावी?

२०/ साचा तोच ठेवून आशय बदलण्याची ही युक्ती ख्रिश्चनांपुरती नव्हती. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा बाज घेतला. गणातील गणपतीच्या जागी निर्मिकाचे स्तवन आणले आणि वगातून भटशाहीवर हल्ला चढवला. पुढे आंबेडकरी जलशांनी त्याच परंपरेतून गावोगाव जागृती केली. तमाशा हलका मानला जाई. म्हणूनच तो जिथे पोहोचे तिथे सभेतील भाषण पोहोचत नसे. विदर्भात तुकडोजी महाराजांनी खंजिरी हाती घेतली. एवढेसे चर्मवाद्य, पण त्यावर ग्रामसफाईपासून स्वातंत्र्यलढ्यापर्यंत सारे विषय भजनात आले.

२१/ कळंबच्या शेजारचे यवतमाळही या इतिहासात आहे. १९५३ ते १९८३ अशी तीस वर्षे ‘युनियन बिब्लिकल सेमिनरी’ ही ख्रिस्ती धर्मशिक्षणाची संस्था यवतमाळला होती. नंतर ती पुण्याला गेली. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून विद्यार्थी इथे येत. कापसाच्या या प्रदेशात एका बाजूला खंजिरीचे भजन, दुसऱ्या बाजूला अनेक भाषांतली ख्रिस्ती गीते असा शेजार तीन दशके नांदला. ‘विदर्भाचा या विषयाशी काय संबंध?’ असे कुणी विचारल्यास एवढे उत्तर पुरेसे आहे.

२२/ मग त्या संशयी श्रोत्याने करावे काय? संशय सोडावा असे नव्हे. लक्ष्मीबाईंनीही तो घाईने सोडला नाही. पण संशय योग्य ठिकाणी ठेवावा. ‘हे वाद्य कुणाचे?’ यापेक्षा तीन प्रश्न अधिक उपयोगी. पहिला, गाणाऱ्याला ही भाषा आतून येते की केवळ गिऱ्हाईक गोळा करण्यासाठी ती उचलली आहे? बॅलंटाइनची चाल आणि टिळकांचा अभंग यांत हाच फरक आहे. दुसरा, आशय आणि नाद एकमेकांना साहाय्य करतात का? विलाप, न्यायाची हाक, क्रूसावरची वेदना, प्रलय हे बायबलमधील विषय गोड चालीपेक्षा जड नादाला कदाचित अधिक मानवतात. तिसरा, हे नको म्हणणाऱ्याला नेमके काय नको आहे : तो आवाज, की तो आवाज करणारी माणसे?

२३/ या कसोटीवर सर्व ख्रिस्ती मेटल उत्तीर्ण होणार नाही. त्यातील पुष्कळसे अनुकरण आहे, काही तर धर्मपुस्तकाच्या दुकानासाठी बनवलेला माल आहे. मेटलच्या चाहत्याचा आक्षेप त्याबाबतीत खरा ठरतो. पण सर्व अभंगही तुकारामाचे नसतात आणि सर्व कीर्तने रंगत नाहीत. वाईट नमुन्यांवरून साच्याचा निकाल लावायचा ठरवला, तर कुठलाही साचा टिकणार नाही.

२४/ फिनलंडमध्ये २००६ पासून लूथरन चर्चमध्ये ‘मेटल मास’ होऊ लागले : जुनीच प्रार्थनागीते, साथीला विजेची गिटार आणि ढोल. आरंभी तिथेही भुवया उंचावल्या. नगरच्या एखाद्या चर्चमध्ये पहिल्यांदा टाळ वाजले तेव्हा उंचावल्या असतील, तशाच. आज त्याच नगरच्या चर्चमध्ये टाळ वाजले नाहीत तर लोकांना चुकल्यासारखे वाटते. या दोन प्रतिक्रियांमध्ये सुमारे दीडशे वर्षांचे अंतर आहे, आणि त्या काळात टाळ बदललेले नाहीत.

(थ्रेड समाप्त)